सिरॅमिक कोटिंग गाडीच्या कर्जात बसवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या गाडीची डिलिव्हरी तोंडावर आली आहे. सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक लेपाचा, खर्च कर्जातच बसवून देतो, हप्त्यात फरक जाणवणारही नाही, असं शोरूमवाले म्हणतायत. गाडी तुम्ही घरीच धुणार आहात. मग कोटिंग घ्यावं का?

कर्जात तर अजिबात घालू नका. ९ टक्के व्याज आणि ७ वर्षांची मुदत धरली, तर आज वाढवलेल्या प्रत्येक १०० मागे तुम्ही सुमारे १३५ फेडता. कोटिंगचं आयुष्य मात्र साधारण २ ते ५ वर्षांचं सांगितलं जातं, तेही निगा राखली तर. म्हणजे कोटिंग उडालेलं आणि त्याचे हप्ते चालूच! हप्त्यात फरक जाणवत नाही हे खरंच आहे, म्हणून तर खर्च तिथे ढकलतात.

रोखीने घ्यायचं म्हणालात, तर पैसे कशाचे देताय ते आधी बघू. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात ना, त्या बहुतेक धुण्यापुसण्यातूनच पडतात. त्या घालवायला पॉलिश केलं की दर वेळी हा थर थोडा झिजतो आणि परत येत नाही. कोटिंगमुळे पाणी ओघळून जातं, घाण कमी चिकटते. पण धुळीवर कोरडं फडकं मारलंत तर त्यावरही रेघा उठतात. जाहिरातीतलं '९एच' म्हणजे पेन्सिलच्या मोजपट्टीवरचा कडकपणा. उडालेला खडा त्याने अडत नाही. त्यासाठी पीपीएफ नावाची जाड फिल्म असते, तिचा खर्च आणखी वेगळा.

म्हणून पहिला पैसा धुण्याच्या सामानावर घाला: दोन बादल्या, मऊ हातमोजा, कार शाम्पू, मायक्रोफायबरचे टॉवेल आणि एक बाटली सीलंट, म्हणजे मेणासारखं रंगावर लावायचं संरक्षक द्रव. कोटिंगच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. गाडी सावलीत आणि थंड असताना धुवा. आधी नुसत्या पाण्याने कचकच उतरवा. मग एका बादलीत फेस, दुसरीत साधं पाणी. एकेक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, छतापासून खाली यायचं. चाकांचं फडकं वेगळंच ठेवा. पाणी गाडीवरच सुकू देऊ नका, क्षारांचे डाग राहतात. भांड्यांचा साबण नको, तो मेण आणि सीलंट उतरवतो.

'गाडी विकताना वसूल होईल' हा मुद्दा मला फारसा पटत नाही. घेणारा आधी वय, किलोमीटर, अपघात आणि सर्व्हिसच्या नोंदी बघतो. रंग चांगला असला तर सौदा लवकर जमेल, पण कोटिंगचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही.

गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहणार असेल, ७-८ वर्षं ठेवायची असेल आणि अडीअडचणीचा निधी बाजूला काढून रोख शिल्लक असेल, तर कोटिंग जरूर करा. मात्र बाहेरच्या डिटेलिंगवाल्याकडूनही (गाडीची सफाई, पॉलिश, कोटिंग करणाऱ्याकडूनही) भाव घ्या. वॉरंटी टिकवायला दरवर्षी सशुल्क तपासणीला यावं लागतं का, हे लेखी विचारा आणि ते शुल्क किमतीत धरा.

आणि डिलिव्हरीआधी बिलाची प्रत मागून प्रत्येक ओळ वाचा. कोटिंग आधीच घातलेलं दिसलं, तर ते काढायला लावून हप्ता नव्याने काढून घ्या.