जुना आर्केड बोर्ड बंद पडलाय? आधी सोल्डरिंग गन बाजूला ठेव

भाऊ, जुन्या गेम मशीनचा सर्किट बोर्ड हाती आला की लगेच चिप काढायची घाई करू नकोस. सुरुवातीला बहुतेक जण तिथेच चुकतात आणि जिवंत बोर्ड मारतात.

पहिलं काम मल्टीमीटरचं. ५ व्होल्ट मोजायचे ते पॉवर सप्लायवर नाही, बोर्डावरच्या एखाद्या चिपच्या पायावर. माझा एक बोर्ड दर दोन-तीन सेकंदांनी रीस्टार्ट व्हायचा. सप्लायवर बरोबर ५ दिसायचे, चिपपाशी मात्र ४.६. दोष निघाला काळवंडलेल्या कनेक्टरमध्ये. पांढऱ्या खोडरबराने सोनेरी पट्ट्या घासल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या आणि गेम सुरू झाला! नागपुरात सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे अल्कोहोल मिळतं.

मग सॉकेटमधल्या रॉम चिप (ज्यांत गेमचा प्रोग्रॅम असतो) बघ. पाय काळे पडलेले असतात, आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तर हमखास. पातळ स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचल, पाय साफ कर, परत बसव. चिपवरच्या खाचेची दिशा आधी मोबाइलवर टिपून घे. उलटी बसवलेली चिप जळते.

आणखी दोन गोष्टी:
- जामा (JAMMA) कनेक्टर, म्हणजे बोर्ड मशीनला जोडणारा ठरावीक प्लग, ५६ पिनांचा असतो. उलटा लावलास तर १२ व्होल्ट भलत्याच पिनेत जातात. सातव्या पिनेची की (प्लग उलटा बसू नये म्हणून असलेला अडसर) बघूनच लाव.
- चालू बोर्डावरून काहीही काढू-घालू नकोस.

ऑसिलोस्कोप, लॉजिक प्रोब अशी सिग्नल तपासायची उपकरणं सध्या नकोच. एवढं कर, चिपवर किती व्होल्ट आले ते कळव आणि स्क्रीनचा फोटो टाक. पुढचं मिळून बघू.