सायरन वाजला की ती लेक्चर सोडून उठायची

२०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनहून परतलेल्या मेडिकलच्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे येत, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असे: पोरगं सुखरूप घरी आलंय, मग अभ्यासाला का बसत नाही? निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनीही हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगी खारकीव्हला चौथ्या वर्षाला होती. फीसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर. "मॅडम, ऑनलाइन लेक्चर चालू असतं आणि ही मधूनच उठून जाते. लाइट गेली की आधी फोनची बॅटरी बघते. दाराशी बॅग भरून ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाही. डोक्यावर परिणाम झाला का हो हिच्या?"

२४ फेब्रुवारीला रशियाने हल्ला केला, तेव्हापासून ती हॉस्टेलच्या बंकरमध्ये होती. २ मार्चला भारतीय दूतावासाचा निरोप आला: संध्याकाळी सहाच्या आत खारकीव्ह सोडा, जवळची पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का ही गावं गाठा, वाहन नसेल तर पायी निघा. पिसोचिन सुमारे ११ किलोमीटर. मुलं चालत निघाली. त्या दिवशी चार्ज केलेला फोन आणि तयार बॅग, एवढाच तिचा आधार होता. वडिलांना मी सांगितलं, याच सवयींनी तिला घरापर्यंत आणलंय. बॅग दाराशी राहू द्या. तिची गरज संपली की तीच रिकामी करील.

त्यांची आणखी एक मागणी होती: "तिला सगळं एकदा बोलायला लावा, म्हणजे मन मोकळं होईल." हे मी केलं नाही. आघातानंतर एकाच बैठकीत सगळं उकरून काढल्याने पुढचा त्रास टळत नाही, असा निष्कर्ष २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) निघाला होता. इथे तर येणारा प्रत्येक पाहुणा "बॉम्ब जवळून पाहिलेस का गं?" असं विचारत होता. ते आधी बंद करा म्हटलं. ती आपणहून बोलली तर ऐका, मध्ये तोडू नका.

मग लेक्चरचं कोडं सुटलं. खारकीव्हचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा. ती कानात हेडफोन घालून बसायची. बाई शिकवता शिकवता थांबायच्या, त्यांच्या खिडकीबाहेर सायरन वाजत असे, कॅमेरा बंद होई. तो आवाज थेट तिच्या कानात! ती उठून जिन्याखाली जाऊन बसायची. घरच्यांना वाटे, टाळाटाळ चाललीय.

आम्ही हेडफोन काढून टाकला. आवाज स्पीकरवर आला की तो खोलीत कुठून येतोय हे कळतं, डोक्याच्या आत वाजत नाही. सायरन सुरू झाला की पाय जमिनीवर घट्ट टेकायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "मी घरी आहे, मे महिना आहे, सायरन खारकीव्हमध्ये आहे." शेजारी धाकटा भाऊ बसायचा. पहिले काही दिवस तरी ती उठलीच. पुढे पुढे बसू लागली.

पण खरा गुंता अपराधीपणाचा होता. "बाई तिथे तळघरातून शिकवतायत आणि मी इथे आंबे खातेय." यावर समजुतीचे शब्द उपयोगाचे नसतात, असं माझं मत आहे, हाताला काम लागतं. सोलापूर, जळगाव, नागपूरकडचे तिचे वर्गमित्र रोज रात्री ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर एकत्र अभ्यास करू लागले. तुटलेल्या लेक्चरच्या नोट्स पूर्ण करून सगळ्या वर्गाला पाठवायची जबाबदारी तिने घेतली. माझ्या दृष्टीने उपचाराचा मोठा भाग हाच. घरातली माणसं कितीही जीव लावोत, तो बंकर माहीत असलेली माणसं या मुलांना लागतातच.

"कॉलेजच उरलं नाही तर?" असंही तिने विचारलं. मी दोनेत्स्क राष्ट्रीय विद्यापीठाचं उदाहरण दिलं. २०१४ मध्ये दोनेत्स्कमध्ये लढाई पेटल्यावर ते युक्रेनमधल्याच विनित्सिया शहरात हललं आणि तिथून चालू राहिलं. तिला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग त्यावर तीच अर्धा तास बोलली.

पालकांनी एक मात्र लक्षात ठेवावं. पहिल्या महिन्यात झोप उडणं, दचकणं, चिडचिड हे अपेक्षितच असतं. महिना उलटूनही तीच दृश्यं दिसत राहिली, जेवण-झोप सुधारली नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. हिलाही मी पाठवलं. झोपेसाठी काही काळ औषध घ्यावं लागलं आणि त्याने फरक पडला. रात्री-अपरात्री गरज वाटली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने युक्रेनी विद्यापीठांच्या अकॅडमिक मोबिलिटीला हरकत नसल्याचं कळवलं. म्हणजे शिकायचं तिसऱ्या देशात, पदवी मूळच्या विद्यापीठाची. तिने जॉर्जियाचं नाव काढलं आणि वडील पुन्हा आले: "पाठवू का?" मी म्हटलं, ते तिला ठरवू द्या. फक्त एवढं पाहा की रात्रीच्या त्या कॉलवरचं कुणीतरी बरोबर जातंय, गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद होणार नाहीत, आणि नाही जमलं तर परत यायचं तिकीट तुम्ही काढाल हे तिला आधी सांगून ठेवा. कर्जाचा विषय त्या बोलण्यात काढू नका.