होडीतला वाटा विकून आलेले 8 लाख ऑप्शनमध्ये टाकायचे का?

हर्णैहून एका ताईंनी विचारलंय. मिस्टर 54 वर्षांचे, गुडघे गेलेत, म्हणून बोटीतला आपला वाटा त्यांनी पार्टनरला विकला, भाव ठरायलाच चार महिने गेले, आता 8 लाख हातात आलेत. पुण्याचा भाचा म्हणतो सगळे मार्केटमध्ये टाका, ऑप्शनमध्ये एका आठवड्यात 40 हजार मिळाल्याचा स्क्रीनशॉटही त्याने दाखवलाय. सासूबाई म्हणतात शेअर म्हणजे जुगार, पतसंस्थेत 10 टक्क्यांनी ठेवा. घरखर्च महिन्याला 22 हजार, मुलगी बारावीला, आणि ताईंचं गंठण गहाण आहे, त्यावरचं दीड लाखाचं लोन अजून फिटायचंय.

ताई, नमस्कार. पहिलं म्हणजे सासूबाईंना सांगा की तुमच्या घरात शेअर गेली वीस-पंचवीस वर्षं होताच. बोट आली की डिझेल, बर्फ, रेशन वजा करायचं, खलाशांचं द्यायचं आणि उरलेल्याचे वाटे पडायचे, तोच शेअर. मासळी लागली नाही तर वाट्याला काही नाही, कोणी गॅरंटी देत नाही, पण बोट आपली असते. कंपनीचं अगदी असंच आहे, फक्त बोट एवढी मोठी की तिचे वाटेकरी लाखांनी असतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत.

आणि ते चार महिने आठवा. तुमच्या मिस्टरांना गिऱ्हाईक एकच होतं, पार्टनर, तो म्हणेल तिथे अडायचं. शेअर बाजार नेमकी हीच अडचण सोडवतो. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन, विकणारे आणि घेणारे सगळे एकाच ठिकाणी, कॉम्प्युटर दोघांचा भाव जुळवतो आणि पुढच्याच कामाच्या दिवशी पैसे आणि शेअर्स इकडचे तिकडे होतात. कंपनीला पैसा मिळतो तो नवे शेअर काढते तेव्हा, त्यानंतर तुम्ही घेतलेल्या शेअरचे पैसे विकणाऱ्याच्या खिशात जातात. मग कंपनीला काय फायदा? तर पुढे कधीही विकता येईल याची खात्री असते म्हणूनच लोक मुळात नवीन बोटीला पैसे देतात, नाहीतर कोण देईल हो!

भाव का हलतो तेही तुम्ही रोज बघता. माझं माहेर दापोलीचं, लहानपणी आजीबरोबर हर्णैच्या लिलावाला जायचे, ओल्या वाळूवर पाट्या मांडलेल्या, दोन-तीनच बोटी लागलेल्या असल्या की पापलेटच्या पाटीला ओरडाओरड व्हायची आणि अर्ध्या तासात मागून दहा बोटी दिसल्या की तीच पाटी, तेच पापलेट, आणि भाव खाली. मासळी बदललेली नसायची, घेणाऱ्यांचा अंदाज बदललेला असायचा. मार्केटमध्ये तर आजच्या मासळीवर नाही, पुढच्या पाच-दहा वर्षांच्या मासळीवर बोली लागते, म्हणून एका बातमीने भाव कोसळतो आणि कारखाना मात्र कालच्यासारखाच चालू असतो.

आता भाच्याचं. तो जे करतोय त्यात वाटा नाहीये, हे मिस्टरांना नीट समजावून सांगा. ऑप्शन म्हणजे उद्याच्या लिलावात भाव अमुकच्या वर जाईल की खाली यावर लावलेला पैसा, त्याला एक्स्पायरी असते, तारीख उलटली आणि अंदाज चुकला की भरलेला प्रीमियम, म्हणजे लावलेली रक्कम, शून्य, मागे बोटही उरत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच 2024 मध्ये आकडे दिलेत, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सासूबाई याला जुगार म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूने आहे. आठ लाखातला एक रुपयाही तिथे नको.

पण साधे, चांगले शेअर्स असले तरी सगळे पैसे नकोतच. सेन्सेक्स म्हणजे मोठ्या 30 कंपन्यांच्या भावावरून काढलेला बाजाराचा आकडा, जानेवारी 2008 मध्ये तो 21 हजारांच्या आसपास होता, मार्च 2009 पर्यंत 8 हजारांच्या घरात आला. परत 21 हजार दिसले नोव्हेंबर 2010 ला, आणि त्याच्या वर टिकायला मार्च 2014 उजाडला. थांबू शकले त्यांचे पैसे वाढले, पण मुलीची फी मार्च 2009 मध्ये भरायची असती तर कॉलेज थांबलं नसतं ना. म्हणून मी आधी पैसा कधी लागणार ते विचारते, मार्केट वर जाईल की खाली हे नंतर.

तुमचा हिशोब मी असा मांडते. दीड लाख देऊन गंठण सोडवा, याच आठवड्यात, ते व्याज वाचणं हा पक्का फायदा आहे, असा पक्का फायदा मार्केट देत नाही. मिस्टरांचं पुढचं काम ठरलेलं नाही, तर वर्षभराचा खर्च, म्हणजे 2 लाख 64 हजार, बँकेत बाजूला, आधी मी सहा महिन्यांचाच लिहिला होता पण दर महिन्याची आवक बंद झालीय हे लक्षात आल्यावर वाढवला. मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांसाठी अडीच लाख, सहा-सहा महिन्यांनी सुटतील अशा वेगवेगळ्या एफडी करा. उरले 1 लाख 36 हजार. यातले 36 हजार औषधपाण्याला, गुडघ्याचं काही निघालं तर लागतील. राहिलेला एक लाख, तोही सात-आठ वर्षं हात लावायचा नसेल तरच, निफ्टीच्या इंडेक्स फंडात दर महिना दहा हजार असे दहा महिन्यांत टाका. म्हणजे 50 मोठ्या बोटींत, म्हणजेच कंपन्यांत, थोडा थोडा वाटा, एक बुडाली तरी बाकीच्या असतात.

आठातला एकच लाख हे वाचून मिस्टर नाराज होतील, मला कल्पना आहे. आयुष्यभर समुद्रात जोखीम घेतलेल्या माणसाला एफडी म्हणजे घरी बसवल्यासारखं वाटतं. पण तेव्हा अंगात ताकद होती, एक फेरी फुकट गेली तर दुसरी मारता यायची.

पतसंस्थेचं थोडक्यात सांगते, बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही असतं, पतसंस्थेला नसतं. ते जादा 10 टक्के त्या जोखमीचेच आहेत.

आणि भाच्याशी भांडू नका, मुलगा वाईट हेतूने सांगत नसणार. त्याला एवढंच म्हणा की ब्रोकरच्या ॲपमधून पूर्ण वर्षाचं प्रॉफिट-लॉस स्टेटमेंट काढ, सगळे चार्जेस धरून, आणि मामीला दाखव. तो आकडा काय येतो ते मला कळवा.