निळ्या खुणा आणि न आलेलं उत्तर

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर तासन्‌तास येत नाही. जवळच्या माणसांशीही यावरून कुरबुरी होतात. या खुणा बंद करता येतात का?

उत्तर : येतात. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडा आणि ‘रीड रिसीट्स’चं बटण बंद करा. तुम्ही वाचल्याचं मग समोरच्याला कळत नाही. पण त्यांनी वाचल्याचंही तुम्हाला दिसत नाही. ग्रुपमध्ये मात्र या बटणाचा उपयोग नाही. तिथे निरोपावर बोट दाबून ‘इन्फो’ पाहिलं की कुणी वाचलं ते कळतंच. व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूणही लपत नाही.

आमच्या मते दुखणं मुळात वेगळंच आहे. निळा रंग 2014 मध्ये आला आणि ‘पाहिलं’ म्हणजे ‘उत्तर द्यायलाच हवं’ असं आपण धरून चाललो. खूण फक्त एवढंच सांगते, की चॅट उघडलं गेलं. ते जिना चढताना उघडलं की कामाच्या गडबडीत, हे तिला सांगता येत नाही. घाईत उघडलेला निरोप पुढच्या दहा निरोपांखाली जातो आणि राहून जातो; त्यात दुर्लक्ष असतंच असं नाही.

म्हणून विचारतानाच मुदत घाला. ‘येणार का?’ याऐवजी ‘संध्याकाळी सहापर्यंत कळव, तिकीट काढायचंय’ असं लिहा. तातडीचं असेल तर सरळ फोन करा. आणि स्वतः वाचून लगेच उत्तर देणं जमत नसेल, तर ‘रात्री लिहितो’ एवढे दोन शब्द जरूर पाठवा.