पल्स मोटर: दुसरी बॅटरी १३.६ दाखवते म्हणून हुरळू नका

खानापूरहून तुम्ही तुमच्या पल्स मोटरबद्दल, म्हणजे कॉइलला करंटचे छोटे धक्के देऊन फिरवायच्या चाकाबद्दल, विचारलंय त्याचा मथितार्थ असा: प्लायवूडची १२ सेंटीमीटरची चकती, कडेला चार निओडिमियम चुंबकं, एक कॉइल, ए ३१४४ हॉल सेन्सर (चुंबक समोर आलं की ओळखणारा), टू एन ३०५५ ट्रान्झिस्टर आणि ७ एएचच्या दोन बॅटऱ्या, पहिली मोटर चालवायला, दुसरी कॉइलच्या उसळीवर चार्ज व्हायला. चकती फिरते, पण कॉइलला हात लावता येत नाही, दोन ट्रान्झिस्टर उडाले. आणि दुसरी बॅटरी एका रात्रीत १२.४ वरून १३.६ व्होल्टवर गेली. तर बॅटऱ्यांची अदलाबदल करत गोठ्यातला दिवा कायमचा चालेल का?

बेळगावच्या उद्यमबागेत मोटर वायंडिंग करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. अशी चाकं मी स्वतः तीन बनवलीत, त्यामुळे हसणार नाही. आमच्याकडचा कन्नड मिस्त्री त्याला ‘पुक्कटे करंट’ म्हणायचा, म्हणजे फुकटचा.

आधी कॉइल. ए ३१४४ समोर चुंबकाचा दक्षिण ध्रुव आला की आपलं आउटपुट जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला ओढतो, म्हणजे शून्य व्होल्ट. तुम्ही ते आउटपुट पुल-अप (प्लसकडे जोडलेला रेझिस्टर) लावून सरळ ३०५५ च्या बेसला दिलंय. म्हणजे चुंबक समोर असताना ट्रान्झिस्टर बंद आणि चुंबक नसताना चालू! उलटं झालंय ओ सगळं. कॉइल फेरीतला बराचसा वेळ चालू राहते, मग तापणार नाही तर काय? चकती तरी फिरते कारण बंद होण्याच्या वेळेनं योगायोगानं थोडा धक्का बसतो. मध्ये एक बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर टाका. हॉलच्या आउटपुटला १० के चा पुल-अप, तिथून ५४७ चा बेस. ५४७ च्या कलेक्टरला ४७० ओहम, अर्ध्या वॅटचा, आणि तिथूनच ३०५५ चा बेस. पाव वॅटचा लावलात तर तोच काळा पडेल, कारण ५४७ चालू असताना त्यावर पूर्ण १२ व्होल्ट बसतात, म्हणजे ०.३ वॅट.

सेन्सर कायमचा चिकटवू नका. पट्टीला लांबट भोक पाडून स्क्रूवर ठेवा, म्हणजे चुंबकाच्या फिरण्याच्या दिशेनं मागेपुढे सरकवता येतो. लोखंडी गाभा नसलेल्या कॉइलनं चुंबक ढकलायचं असेल तर ते कॉइलच्या मध्यावरून जरासं पुढे गेल्यावर करंट यायला हवा. मध्याच्या आधी आला तर तोच धक्का ब्रेक होतो. मीटरला हर्ट्झची रेंज असेल तर हॉलच्या आउटपुटवर लावा. चार चुंबकं असल्यानं आकड्याला १५ नं गुणलं की आरपीएम. १०० हर्ट्झ म्हणजे १५००. पट्टी सरकवत कमी ॲम्पिअरमध्ये जास्त हर्ट्झ कुठं मिळतं ते शोधा. माझी एक संध्याकाळ यातच गेली होती, पण गेलेली वाटली नाही.

आता ट्रान्झिस्टर. तुम्हीच लिहिलंय की मोटर चालू असताना दुसरी बॅटरी सोडवून व्होल्टेज बघितलं. तिथंच गेला तो. कॉइल बंद होते त्या क्षणी आतला करंट थांबायला तयार नसतो. डायोडमधून (तो करंट एकाच दिशेनं सोडतो) दुसऱ्या बॅटरीकडे वाट असली तर तिकडे जातो. ती वाट तुम्ही काढून घेतली की व्होल्टेज वाढत वाढत जातं आणि जिथून फुटता येईल तिथून फुटतं. ३०५५ ची सहनशक्ती ६० व्होल्टची. काहीजण कलेक्टर-एमिटरमध्ये टेस्टरमधला निऑन लावायला सांगतात, पण तो पेटायलाच ९० व्होल्टच्या आसपास लागतात, तोवर आपला गडी गारद. मोटर थांबवा, मग वायर सोडवा.

चुंबकांचंही एक सांगतो. १० ग्रॅमचं चुंबक ६ सेंटीमीटरवर ३००० आरपीएमनं फिरलं की बाहेरच्या बाजूला सुमारे ६ किलोचा ओढा बसतो. माझं पहिलं चाक झटपट चिकटणाऱ्या गोंदावर होतं. एक चुंबक सुटलं, भिंतीचा गिलावा उडवला आणि खिडकीच्या लोखंडी गजाला जाऊन चिकटलं. बायको तेव्हा त्याच खिडकीशी भाजी निवडत होती. त्यानंतर चुंबकं खाचेत बसवून वरून फायबर टेप गुंडाळून वार्निश दिल्याशिवाय चाक फिरवत नाही, आणि समोर उभाही राहत नाही.

आता १३.६. लेड-ॲसिड बॅटरीला टोकदार पल्स दिले की प्लेटच्या पृष्ठभागावरचा चार्ज चढतो आणि मीटर भराभर वर जातो. आतलं भरलेलं असतंच असं नाही. पाण्याच्या टाकीच्या काचेच्या नळीत वरून तांब्याभर ओतलं तर नळी भरलेली दिसेल, टाकी नाही.

मोजायचं असेल तर जूलमध्ये, म्हणजे ऊर्जेत. दुसऱ्या बॅटरीच्या जागी १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर लावा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये एक स्विच. स्विच बंद म्हणजे शॉर्ट असताना करंटला वाट असतेच, त्यामुळे ट्रान्झिस्टर सुरक्षित. चाक वेग पकडल्यावर स्विच उघडा, स्टॉपवॉच चालू करा, २४ व्होल्टला पोचला की मोटरची सप्लाय तोडा. तिथं कपॅसिटरमध्ये २.८८ जूल साठलेले असतात. माझ्या २६ गेजच्या ५०० टर्नच्या कॉइलनं (तार साधारण ६० ग्रॅम, ४ ओहमच्या वर थोडी) हे चार सेकंदांत केलं. म्हणजे सेकंदाला ०.७२ जूल, तेवढेच वॅट.

आत किती गेलं? सप्लायच्या वायरमध्ये १ ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे, सर्किटच्या बाजूला, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हा नसेल तर पल्सच्या करंटवर मीटर नाचत राहतो आणि माणूस त्यातला हवा तो आकडा निवडतो (मी निवडला होता). रेझिस्टरवर २५० मिलिव्होल्ट दाखवले, म्हणजे ०.२५ ॲम्पिअर, गुणिले १२, झाले ३ वॅट. तीन घालून पाऊण बाहेर. उरलेलं कॉइलच्या तापण्यात, ट्रान्झिस्टरमध्ये, हवेत आणि बेअरिंगमध्ये गेलं. बेअरिंगचं ग्रीस रॉकेलमध्ये धुऊन शिलाई मशिनचं तेल घातल्यावर आरपीएम चढले, बाहेर येणारं मात्र आत गेलेल्याच्या पुढे गेलं नाही.

जॉन बेडिनी या अमेरिकन माणसानं अशाच मोटरचं पेटंट २००३ मध्ये मिळवलं, ते पुष्कळजण फुकटच्या विजेचा पुरावा म्हणून दाखवतात. पेटंटात कॉइलच्या उसळीनं दुसरी बॅटरी चार्ज करण्याची रीत आहे. ती खरीच आहे, चार्ज होतेच. किती होते हा प्रश्न वेगळा.

बॅटरीवरच तपासायचं असेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब लावून ११ व्होल्टपर्यंत उतरवा. मग एक रात्र मोटरनं चार्ज करा, दोन-तीन तास निवांत ठेवा, आणि तोच बल्ब पुन्हा ११ पर्यंत जाळा, घड्याळ लावून. माझ्या आकड्यांवर आठ तासांत ५.८ वॅट-अवर जमतात, बॅटरीतली गळती धरून बल्ब अर्धा तासही तगत नाही. पहिल्या बॅटरीतून तोवर २४ वॅट-अवर गेलेले असतात.

गोठ्यासाठी ३ वॅटचा एलईडी सरळ पहिल्या बॅटरीवर लावा, पावसात लाईट गेली तरी दोन-तीन रात्री निघतील. चाक बाजूला शिकायला ठेवा. ५४७ टाकून सेन्सरचं काम उलटं केल्यावर हर्ट्झ आणि १ ओहमवरचे मिलिव्होल्ट लिहून पाठवा, कॉइलचा ओहम पण, बॉबिन कसली आहे तेही.