माळावर बॅटरीची सायकल : तुमचे प्रश्न, दुकानदाराची उत्तरं

प्रश्न : मालक, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, राहणार जुळे सोलापूर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सायकल सुटली होती. दिवाळीत मुलाने पुण्याहून इलेक्ट्रिक माउंटन बाईक पाठवली, तेव्हापासून रविवारच्या ग्रुपबरोबर पुन्हा बार्शी रोडने नान्नजकडच्या माळावर जातो. पण आता ग्रुपमधली पोरं म्हणतात, "सर, तुमच्या मोटरीपायी फॉरेस्टवाले एक दिवस आमचीही वाट बंद करतील." मला खरंच बंदी आहे, की चढावर मी पुढे निघतो याचा त्यांना राग आहे?

उत्तर : सर, राग थोडा असणारच. धापा टाकत चढताना शेजारून आपले जुने मास्तर शिट्टी वाजवत गेले तर कोणालाही येईल.

आधी रस्त्याचा कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २(यू) प्रमाणे मोटर २५० वॉटच्या आतली हवी. ताशी २५ किलोमीटरला, किंवा पाय थांबले तर त्याआधीच, तिची मदत बंद व्हायला हवी. मॉडेलला मान्यता असली की मग ती सायकलच. नंबर प्लेट नको, लायसन नको. तेवढ्याच ताकदीच्या आणि वेगाच्या थ्रॉटलवाल्या, म्हणजे पेडल न मारता दांडा दाबून पळणाऱ्या गाडीलाही आपल्याकडे रस्त्यावर सूट आहे.

नान्नजच्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात मात्र हा नियम कामाचा नाही. १९७९ पासून ते अभयारण्य आहे, आणि तिथे चालतो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या कलम २७ नुसार विनापरवाना आत शिरायलाच मनाई. सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्याला सूट आहे, आत जमीन असलेल्याला आहे, बाकीच्यांनी परवाना काढायचा. म्हणजे बार्शी रोडने खुशाल जा. रस्ता सोडून हद्दीत चाक घातलंत, तर तुमची लाखाची बाईक आणि पोरांची साधी हर्क्युलस एकाच पंगतीत. पायी गेलात तरी तेच. तुमच्या पोरांना सांगा, गार्डला त्यांना अडवायला तुमच्या मोटरीची गरज नाही, तो आजही अडवू शकतो.

घोळ होतो तो हद्दीचा. अभयारण्य सलग नाही, मधे शेतं आहेत, गावं आहेत, गायरानं आहेत. सीटवर बसून हद्द दिसत नाही. नान्नजला वनविभागाच्या ऑफिसात जा आणि नकाशावर बोट ठेवून विचारून या. तुम्हीच जा. मास्तरांना चहा मिळतो, हेल्मेट घातलेल्या पोरांना प्रश्न मिळतात.

राहिला प्रश्न मोटर वाटेचं नुकसान करते का. अमेरिकेत या वादाने बरीच वर्षं डोकं खाल्लंय. तिथल्या इम्बा या माउंटन बाईकवाल्यांच्या संघटनेने ओरेगनच्या जंगलात साधी सायकल, पेडल मारल्यावरच मदत करणारी ई-सायकल आणि मोटरसायकल फिरवून माती किती हलते ते मोजलं. २०१५ चा तो अभ्यास. ई-सायकलचा आकडा साध्या सायकलच्या आसपास निघाला, मोटरसायकलचा कितीतरी वर. तरीही वाद मिटला नाही. २०१९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याने ई-सायकलला साध्या सायकलसारखी वागणूक देण्याचा आदेश काढला, पण वनखातं वेगळ्या मंत्रालयाखाली, ते तिला मोटरगाडीतच मोजत राहिलं. एकाच देशात एका जंगलात सायकल, शेजारच्यात मोटर! सरकारी कारभार सगळीकडे सारखाच म्हणायचा.

शिवाय तो अभ्यास सायकलसाठी काढलेल्या, पाण्याचा निचरा बघून बांधलेल्या वाटांवरचा. आपला माळ बांधलेला नाही. खाली मुरूम, वर बोटभर माती, तिला धरून ठेवणारं कुसळी गवत. तुमच्या हँडलवर उजव्या अंगठ्यापाशी एक छोटा दांडा आहे का बघा. असला तर तो थ्रॉटल. चढाला सुट्या मुरमावर तो दाबला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, खडे मागे उडतात, गवताची मुळी उघडी पडते. तेवढ्यात पडलेल्या चरातून पुढच्या पावसाचं पाणी धावतं, आणि श्रावणापर्यंत तिथे घळ झालेली असते. पेडल मारून चढलात तर असं सहसा होत नाही. म्हणून माळावर थ्रॉटलला हात लावू नका. जमल्यास त्याचा कनेक्टर काढूनच ठेवा, कोणत्याही मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम आहे.

उलट माझ्याकडे येतात ते भलतंच काढायला. सायकलला मोटर बसवायच्या बऱ्याच किटमध्ये कंट्रोलरमधून, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डबीतून, पांढऱ्या वायरची एक जोडी बाहेर आलेली असते, ती सोडवली की २५ चं बंधन जातं. "मालक, तेवढी वायर काढा की!" मी काढत नाही. ती काढली की गाडी कायद्याने सायकल राहत नाही, आणि मग पोरांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं. ग्रुपमध्ये अशी कोणाची असेल तर भांडण तुमच्याशी नको, त्याच्याशी करा.

माझी खरी धास्ती वेगळीच आहे. साध्या सायकलवर माणूस दमतो आणि परत फिरतो. माळ आजवर वाचला तो आपल्या दमण्यामुळे. मोटर असली की "त्या टेकाडापर्यंत जाऊन येऊ" होतं, आणि गुराख्याशिवाय जिथे कोणी फिरकत नव्हतं तिथे रविवार सकाळची गर्दी. धाविक, चंडोल ही पाखरं जमिनीवरच अंडी घालतात. माळढोक तर एकच अंडं घालतो, तेही उघड्यावर. अंड्यावरून चाक गेल्यावर मोटर किती वॉटची होती याने काय फरक पडतो? पावसाळ्यात हद्दीबाहेरच्या माळावरही बैलगाडीची मळलेली चाकोरी सोडू नका. नवी वाट पाडायची नाही, हे ग्रुपमध्ये तुम्हीच ठरवून टाका. तुमचं ऐकतील.

जाता जाता, एकटे जात असाल तर मागच्या चाकातली मोटर ही डोकेदुखी आहे. वेड्या बाभळीचा काटा लागला की नेहमीसारखं चाक झटकन निघत नाही. आधी मोटरीच्या वायरीचा कनेक्टर ओढायचा, मग दोन्ही बाजूंचे जाड नट सोडायचे, त्यांना अठराचा पाना लागतो, आणि वॉशर कोणत्या बाजूचा कुठला हे लक्षात ठेवायचं. बावीस-पंचवीस किलोची गाडी उलटी करून, त्या गुडघ्यावर. टायरमध्ये पंक्चर बुजवणारं सीलंट भरून घ्या आणि पाना पिशवीत ठेवा.

प्रश्न : माझं रान उत्तर सोलापूर तालुक्यात. रविवारी सायकलवाले माझ्या बांधावरून जातात. आता बॅटरीवाले आलेत, आवाज न करता मागून येतात, बैल बुजतात. परवा पेरलेल्या ज्वारीतून चाकं गेली. काटे टाकून वाट बंद केली तर चालेल का?

उत्तर : पाटील, बांध तुमचा आहे, बंद करा. ज्वारीतून कोण गेलं ते कळलं तर ग्रुपचं नाव मला कळवा, निम्मे माझ्याच दुकानात येतात. बैल दिसले की लांबूनच घंटी वाजवायची आणि उतरून चालायचं, हे त्यांना सांगणं माझ्याकडे लागलं.

फक्त ती वाट गाव नकाशावर पाणंद, म्हणजे शेतांमधली सगळ्यांची वाट, म्हणून दाखवलेली नाही ना, ते तलाठ्याकडे बघून घ्या. पाणंद असेल तर काटे टाकू नका. सायकलवाले राहतील बाजूला, शेजारचाच कोणी वाट अडवल्याची तक्रार घेऊन मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाईल, आणि ऐन सुगीत तुम्हाला तारखांना हेलपाटे पडतील.