पिशवी काढायची घाई कुणाला?

एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू. त्यावर आलेली पत्रं फिरून फिरून तेच विचारतात. एचपीव्ही म्हणजे कॅन्सर का? पांढरं जातंय, म्हणजे कॅन्सर का? मग पिशवीच काढून टाकू का? नावं गाळून उत्तरं देते.

मुलगी १३ वर्षांची आहे. लस द्यावी का? जाऊ म्हणते, पुढे मूल होत नाही. (मानेवाडा)

द्या. मूल न होण्याशी लसीचा काही संबंध नाही. १५ वर्षं पूर्ण व्हायच्या आत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, त्यापुढे तीन. लहान वयात एक डोसही चालेल असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलंय, पण तुमच्या मुलीचं तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस विषाणूच्या चार प्रकारांवर चालते: ६, ११, १६ आणि १८. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ मुळेच होतात. नऊ प्रकारांवरची महाग लस परवडत असेल तर जरूर द्या. पण तिच्यासाठी पैसे जमेपर्यंत मुलीला थांबवू नका.

वय ३४. पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल, एचपीव्ही पॉझिटिव्ह. घरात रोज भांडण सुरू आहे, की हे आलं कुठून? (धरमपेठ)

त्या कागदावरून कुणाचंच चारित्र्य ठरत नाही. संसर्ग कधी झाला हे सांगता येत नाही, तो वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो आणि दहापैकी नऊ जणींत साधारण दोन वर्षांत आपोआप जातो. ठाण मांडून बसला तर पेशी बदलू लागतात, आणि तिथून कॅन्सरपर्यंत सहसा १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती खालावली असेल तर त्याहून लवकर. रिपोर्टवर प्रकार लिहिलाय का बघा. १६ किंवा १८ असेल तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पिशवीच्या तोंडाची तपासणी, करून घ्या. दुसरा असेल तर वर्षाने पुन्हा तपासणी. रिपोर्ट घेऊन तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. विषाणू 'धुऊन काढणाऱ्या' कॅप्सूल मात्र घेऊ नका. उपचार होतो तो बदललेल्या पेशींवर, विषाणूवर औषध नाही.

वय ४२, दोन मुलं. अंगावरून पांढरं जातं. सोनोग्राफीत पिशवीला सूज निघाली. आठ दिवसांत पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल असं सांगितलं; पॅकेजही ठरलं. काय करू? (काटोल)

ताई, त्यांनी तुमची पॅप केली का? पिशवीचं तोंड निदान डोळ्यांनी पाहिलं का? तुम्ही पाठवलेल्या कागदांत फक्त सोनोग्राफी आहे, आणि तिच्यात 'बल्की युटेरस', म्हणजे पिशवी थोडी मोठी, एवढंच. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी चाळिशीत थोडी मोठी दिसतेच. सोनोग्राफीत एचपीव्ही दिसत नाही, पेशींतला बदलही दिसत नाही. पांढरं जाण्यामागे पुष्कळदा बुरशी किंवा साधे जंतू असतात आणि ते औषधाने जातात. 'जखम' म्हणून जे दाखवतात ते अनेकदा आतलं लाल, नाजूक अस्तर बाहेर आलेलं असतं. अर्थात हे तपासूनच म्हणायचं, पत्र वाचून नाही.

तपासणी काय असते? कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडावर सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का पाहायचं. थोडं चुणचुणतं, बस्स. डाग उमटला तर कॉल्पोस्कोपी, गरज पडली तर छोटा तुकडा तपासणीला. पेशींतले बदल जास्त गंभीर निघाले तरी तेवढा भाग गोठवून, भाजून किंवा तारेच्या कडीने काढून भागतं. पिशवी जागच्या जागी राहते, बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाते.

उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३१ हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये छापून आला. ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी केली आणि लागेल तिथे उपचार दिले, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासून आले, सरसकट पिशव्या काढून नव्हे.

न तपासता कापण्यातला दुसरा धोका तर कुणी सांगतच नाही. कॅन्सर खरंच असेल, तर साधी पिशवी काढणं अपुरं पडतं आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. सोबत अंडाशयही काढली तर चाळिशीतच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात. बीडच्या ऊसतोड बायांच्या गरज नसताना काढलेल्या पिशव्यांवरून २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला, तरी 'आठ दिवसांत'ची भाषा काही थांबत नाही. गरज असेल तेव्हा पिशवी काढावी लागते, मीही काढते. पण आधी निदान. सगळी फाइल घेऊन नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागात दुसरं मत घ्या. पॅकेजची तारीख उलटली तर उलटू द्या.

आई ५८ वर्षांची. पाळी जाऊन सात वर्षं झाली, आता मधेच डाग दिसतो. काढा सुरू आहे. भाचीच्या लग्नानंतर दाखवलं तर चालेल? (सक्करदरा)

नाही. याच आठवड्यात दाखवा. पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी कारण शोधावंच लागतं. शरीरसंबंधानंतर रक्त जाणं किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाणं, यालाही हाच नियम. काढ्याने निदान होत नाही, महिने मात्र जातात.

मुलांनाही लस चालते का? (विद्यार्थी, हिंगणा)

चालते. एचपीव्हीमुळे जननेंद्रियांवरचे मस्से, गुदद्वाराचा आणि घशाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो. तुमच्या वयाला कोणती आणि किती डोस, ते डॉक्टरांना विचारा.

वय ३१, लस पूर्ण झाली. आता पॅप नको ना? (खामला)

हवीच. लस सगळ्या प्रकारांवर नाही आणि आधी झालेला संसर्ग ती घालवत नाही. तिशीनंतर दर तीन वर्षांनी पॅप, किंवा दर पाच वर्षांनी एचपीव्ही तपासणी. पाळीच्या दिवसांत जाऊ नका. आधीचे दोन दिवस संबंध आणि आत ठेवायची औषधं टाळा. भूल लागत नाही, उपाशीपोटी जायची गरज नाही. जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या.